प्रासंगिक करार

एरवी तिच्या कपाळावर गावाचं नाव असतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ, लांबचं म्हणजे पंढरपूर. डिसेंबरातल्या एखाद्या पहाटे ती शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहते तेव्हा मात्र पाटीवर ‘प्रासंगिक करार’ असतं. सातवीच्या पोरांना त्यातलं काही कळत नाही. ती मोठ्यानं वाचतात, एकमेकांकडं बघतात आणि दाराकडं धावतात. सर शिट्टी वाजवतात, बाई यादी घेऊन पायरीवर उभ्या राहतात, पण तोवर खिडक्या गेलेल्या असतात.

वर्तमानपत्रं तिला आता लालपरी म्हणतात. आमच्या सांगलीकडं तिला लाल डबा म्हणायचे आणि त्यात राग नव्हता. दुधाच्या किटल्या, बाजाराची पोती, परीक्षेला निघालेली पोरं आणि मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं म्हातारं माणूस हे सगळं एका फेरीत घेऊन जायला परीला कोण सांगेल? डब्याला सांगतात. वर्षभर ती तेच करते. म्हणून सहलीच्या दिवशी तिचा थाट बघावा. थाट म्हणजे फार काही नाही. धुतलेली असते, पुढच्या जाळीला झेंडूची माळ असते आणि काचेखाली कापडी फलक बांधलेला असतो: शैक्षणिक सहल. त्यातलं ‘शैक्षणिक’ ठळक रंगवायचं, कारण भाड्यातली पन्नास टक्के सवलत त्याच अक्षरांवर मिळते. आगारात मुख्याध्यापकांचं पत्र, मुलांची यादी, अनामत असं सगळं देऊन झाल्यावर ही मिळते, तीही किलोमीटरच्या हिशोबानं. शाळेच्या फाटकापासून परत शाळेच्या फाटकापर्यंत ती जितकी चालेल तितकं मोजलं जातं. हा हिशोब लक्षात ठेवावा, पुढं लागणार आहे.

तिच्या नंबरपाटीकडं सहसा कोणी बघत नाही. सांगलीच्या गाड्या एमएच १०, साताऱ्याच्या ११. ही जन्मभर सांगली विभागात राबली तरी नंबर १४ चा सांगते, नाही तर २० चा, नाही तर ४० चा. कारण ती जिथं बांधली गेली त्या कार्यशाळेचा तो नंबर: पुण्याजवळची दापोडी, तेव्हाच्या औरंगाबादची चिकलठाणा, नागपूरची हिंगणा. सासरी हाडं झिजवूनही माहेरचं नाव न सोडणाऱ्या बाईसारखं आहे हे. आणि घराणं जुनं. १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला जी पहिली एसटी गेली ती बेडफर्ड होती, तीस आसनांची, लाकडी अंगाची, बसायला काथ्याच्या गाद्या. पुढं लाकूड गेलं, अ‍ॅल्युमिनियम आलं. आता पोलादी सांगाडा आला. आवाज मात्र वारशानं चालत आला आहे. गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवलं की प्रत्येक खिडकीची काच आपापल्या सुरात बोलते, आणि पहिला गिअर पडला की सगळ्या एकदम गप्प होतात.

आत शिरलं की ती कुणाची होती आणि आज कुणाची आहे याचा गोंधळ भिंतीवरच लिहिलेला असतो. एका बाकावर ‘आमदार/खासदार’, एकावर ‘अपंगांसाठी’, एकावर ‘स्त्रियांसाठी’, एकावर ‘स्वातंत्र्यसैनिक’, मागं ‘संकटकालीन मार्ग’. आमदारांच्या बाकासाठी मारामारी ठरलेली. मी ज्यांना त्या बाकावर बसलेलं पाहिलं आहे त्यांत आमदार कधीच नव्हता, पण सहलीत तिथं बसलेल्या पोराला तीन दिवस आमदार हेच नाव पडतं आणि पुढं दहावीच्या निरोपसमारंभापर्यंत ते चिकटून राहतं. घंटीची दोरी अजून असली तर ती ओढायची नाही अशी सक्त ताकीद असते. वाहक बरोबर नसतो. म्हणजे दोरीला मालक नसतो. इस्लामपूर यायच्या आत ती कोणीतरी ओढतंच.

जुन्या गाड्यांना मागं शिडी आणि वर टप होता. सहलीचं खरं ओझं तिथं चढायचं. तांदळाचं अर्धं पोतं, तूरडाळ, पोहे, रवा, शेंगदाण्याचं कूट, कांदे, बटाटे, गोड्या तेलाचा डबा, घरोघरून थोडी थोडी गोळा केलेली कांदा-लसणाची चटणी; ती दर घरची वेगळी, एकत्र केल्यावर चवीचा भरवसा नाही. सतरंज्या, घागरी, परात, झारा, कंदील, दोरखंड. आणि ते मोठं पातेलं. ते शाळेचं नसायचं. शाळेकडं एवढं मोठं भांडं असेल कशाला? मारुतीच्या देवळातनं पुजाऱ्याला विनवून आणलेलं, काठावर ‘यांचे स्मरणार्थ’ असं कोरलेलं, तीन माणसांनी उचलायचं. ते टपावर पालथं घातलं की गाडीला टोपी घातल्यासारखं दिसायचं आणि वळणावर ते अर्धा इंच सरकलं की खाली बसलेल्या सगळ्यांना कळायचं.

हल्लीच्या गाड्यांना टप नाही. पातेलं मागच्या लांब बाकावर बसतं, आणि त्याला तिकीट नाही म्हणून पोरांना हसू येतं.

सांगलीहून महाबळेश्वर म्हणजे पावणेदोनशे-दोनशे किलोमीटर. ड्रायव्हर या रस्त्याला पेठ, कराड, सातारा, वाई असं म्हणतो. भूगोलाचे सर म्हणतात, आपण कृष्णेच्या उलट्या दिशेनं निघालो आहोत. दोघंही खरं बोलतात. गाडीला सरांचं ऐकू येत नाही, पण ती वागते सरांच्या म्हणण्याप्रमाणं: सांगलीत आयर्विन पुलाखाली सुस्त पसरलेली नदी सोडते, कराडला प्रीतिसंगमावर थांबते, जिथं कोयना समोरून येऊन कृष्णेला भिडते आणि यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. पहिली न्याहारी इथं. दशम्या, चटणी, कुणाच्या डब्यात शिळी धपाटी. मग साताऱ्याच्या अलीकडं-पलीकडं वेण्णा भेटते. संगम माहुलीला ती कृष्णेत जाते. वाईला पोचेपर्यंत कृष्णा इतकी लहान होते की घाटाच्या पायरीवर उभं राहून तिच्या पलीकडच्या माणसाशी बोलता येतं. दुसऱ्या दिवशी क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गोमुखातनं पडणारी धार दाखवून सर म्हणतात, ही बघा. कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. सांगलीच्या नळाचं पाणी पिणारी पोरं त्या धारेकडं जरा संशयानं बघतात. एवढीशी? २००५ च्या पुरात आमच्या घरात आली होती ती हीच? गायत्रीचं पुढं काय होतं हे मात्र कुणी विचारू नये अशी सरांची इच्छा असते.

या सगळ्या वाटेवर गाडीचा एक जुना स्वभाव उघडा पडतो. फाट्यावर माणूस दिसला, त्यानं हात केला, की ती मंदावते. ड्रायव्हरचा पाय सवयीनं जातो की गाडीच आपण होऊन मंदावते हे सांगता येत नाही. मग ड्रायव्हरकाका खिडकीतनं हात हलवून ओरडतात, “करार हाय, करार!” आणि पुढं जातात. फाट्यावरचा माणूस तोंड वाईट करतो. वर्षभर ज्याच्यासाठी ती थांबली त्याच्या नाकासमोरून ती आज निघून गेली. पोरांना याचा फार आनंद होतो. मला तो आनंद कधी फारसा आवडला नाही, पण बाराव्या वर्षी माणसाला आपली म्हणता येईल अशी एवढी मोठी वस्तू दुसरी कुठली मिळते?

वाईत ढोल्या गणपती होतो. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आणि घाटावरच्या देवळातली ती वसईहून आलेली पोर्तुगीज घंटा होते. एका वर्षी मराठीच्या सरांनी विश्वकोशाचं कार्यालय दाखवायचा हट्ट धरला. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इथं बसून काम करत, असं ते गाडीत उभं राहून सांगत होते. ऐकत फक्त काका होते. त्यांनी मधेच विचारलं, “सर, त्यात एसटीचं काय दिलंय का?”

आणि मग पसरणी घाट.

वाई सुमारे सातशे मीटरवर, पाचगणी तेराशेच्या आसपास. हे अंतर गाडी चढते ते दुसऱ्या गिअरमध्ये, कधी पहिल्यात. आवाज असा की गाणी बंद पडतात. भेंड्या बंद पडतात. इथं सहलीचं पोट ढवळायला लागतं. पहिलं पोर हिरवं पडतं ते बहुतेक सगळ्यात दांडगं असतं. “काका, गाडी थांबवा की, पोरगं वकतंय!” काका थांबवत नाहीत, कारण तिथं थांबायला जागा नसते, ते फक्त म्हणतात, “खिडकीतनं. आन् मागच्या खिडक्या लावून घ्या.” हे शेवटचं वाक्य अनुभवाचं आहे. बाईंच्या पर्समधून आवळासुपारी निघते, लिंबू निघतं, कुणाच्या आईनं दिलेली ओव्याची पुडी निघते. ज्याच्याशी वर्षभर कुणी बोलत नाही असा एक शांत मुलगा असतो. त्याला घाटाचं काही होत नाही. तो पाण्याची बाटली घेऊन या बाकावरून त्या बाकावर जातो, दांडग्याची पाठ चोळतो. पाचगणी येईपर्यंत वर्गातली उतरंड बदललेली असते. ही बदली सरांनी केलेली नाही, बाईंनी केलेली नाही. ती त्या दुसऱ्या गिअरनं केली. ताशी वीसच्या वर न जाणारी, सगळ्यांना एकाच वेळी गदागदा हलवणारी गाडी नसती तर ते दोघं दहावीपर्यंत एकमेकांशी बोलले नसते.

मला वाटतं सहल अशीच घडते. पॉइंटवर फक्त हजेरी लागते.

हे काही आमच्याच लाल गाडीचं नाही. केनियातल्या नैरोबीपासून दक्षिण आफ्रिकेच्या केपटाऊनपर्यंत जमिनीवरून जाणाऱ्या सहली निघतात. टांझानिया, मलावी, झांबिया, झिंबाब्वे, बोट्स्वाना, नामिबिया असे देश ओलांडत कित्येक आठवडे. तिथं बस नसते, मालट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली उंच गाडी असते: मोठ्या खिडक्या, मागं कप्पे, पोटात तंबू आणि घडीच्या खुर्च्या, कडेचं दार उघडलं की स्वयंपाकाचा ओटा. बरोबर ड्रायव्हर, वाटाड्या आणि बहुधा आचारी. वीसेक अनोळखी माणसं, दोघांत एक तंबू, तो रोज आपणच ठोकायचा आणि आपणच मोडायचा. कांदे कोणी चिरायचे, भांडी कोणी घासायची याची पाळी लावलेली. ताटल्या पुसायला फडकं वापरत नाहीत. सगळे रांगेत उभे राहून ताटली हवेत हलवून वाळवतात, म्हणजे एकाच्या पोटाचा आजार फडक्यावाटे विसांना होत नाही. व्हिक्टोरिया धबधबा आणि गोरोंगोरोचं विवर बघायला हे लोक जातात. परत आलेला माणूस मात्र बराच वेळ गाडीबद्दल बोलतो. ती कुठं रुतली, तिला कसं ढकललं, कोण तिच्यात रोज झोपायचा, कोण कांदे चिरताना पळायचा. तिकडं त्या गाड्यांना माणसांसारखी नावंसुद्धा देतात. आमच्या गाडीला नंबरावर भागवावं लागतं.

आमचे तंबू म्हणजे कुठल्यातरी शाळेचे वर्ग. सुट्टीत मोकळी असलेली शाळा, नाही तर क्षेत्र महाबळेश्वरची धर्मशाळा. बाकं भिंतीला सारायची, सतरंज्या अंथरायच्या, एका खोलीत मुली आणि बाई, दुसरीत मुलं, दारात सर. शाळेत रोज खिचडी शिजवणाऱ्या मावशी बरोबर असतात. गाडीच्या आडोशाला तीन दगड मांडून त्या चूल पेटवतात. पुढं गॅसची शेगडी आली, तरी आडोसा गाडीचाच; महाबळेश्वरचा वारा दुसऱ्या कशाला जुमानत नाही. गाडीचा रेडिएटर दिवसभर तापलेला असतो. थंडीनं कुडकुडणारी पोरं तिच्या नाकापुढं हात धरून उभी राहतात. पातेल्यात आमटी उकळते, बाजूला भात, आणि ज्यांची पाळी आहे ते बटाटे सोलतात, म्हणजे बटाट्याचा निम्मा भाग सालीबरोबर टाकतात. मावशी म्हणतात, “आयला सांगते थांब तुज्या.” जेवल्यावर नळावर राख आणि नारळाची शेंडी घेऊन आपापलं ताट. पुसायचं काही नसतंच. ताट झटकायचं. हे केपटाऊनच्या वाटेवरच्या लोकांकडून आम्ही शिकलो नाही.

रात्री सगळे झोपले की गाडीत एकटे काका. आगाराच्या विश्रांतिगृहात जागा असते, पण सहलीचे ड्रायव्हर शक्यतो गाडी सोडत नाहीत. मागच्या लांब बाकावर घोंगडी, उशाला स्वतःची पिशवी, खिडक्या घट्ट. एकदा पाणी द्यायला गेलो तेव्हा ते स्टिअरिंगवर पाय टेकून बसले होते आणि किलोमीटरच्या कागदावर बारीक अक्षरात काहीतरी भरत होते. मी म्हटलं, आत या, उबदार आहे. ते म्हणाले, “गाडीला एकटीला सवय न्हाई हो. रात्री आगारात शंभर गाड्या असत्यात.” थट्टा होती की खरं, हे त्यांच्या तोंडावरून कळलं नाही.

पहाटे गाडीच्या छतावर, बॉनेटवर, काचांवर दव असतं. वेण्णा तलावाच्या आणि लिंगमळ्याच्या बाजूला कडाक्याच्या थंडीत ते गोठतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात त्याचा फोटो येतो. काचेवर आतून वाफ. मुली बोटानं नावं लिहितात, मुलं ती पुसतात. इंजिन सुरू व्हायला वेळ घेतं. दोनदा कण्हतं, तिसऱ्यांदा धूर सोडतं आणि सगळा वर्ग टाळ्या वाजवतो. विमानात अशी टाळी उतरल्यावर वाजते, इथं निघण्याआधीच.

मग पॉइंट. विल्सन, आर्थरसीट, केट्स, मुंबई पॉइंट. इंग्रजांनी नावं ठेवली ती राहिली. जनरल लॉडविक १८२४ ला इथं चढून आला, पुढं मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानं १८२८-२९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून जागा घेऊन पेठ वसवली, हे सर सांगतात आणि पोरं आर्थरसीटला बाटलीची टोपणं दरीत टाकून ती वाऱ्यानं परत वर येतात का ते बघतात. येतात. माकडं कुणाच्यातरी हातातला चण्याचा पुडा नेतात. वेण्णा तलावावर होडीचं भाडं ऐकून बाई नको म्हणतात, घोड्याचं भाडं ऐकून सर नको म्हणतात. स्ट्रॉबेरीची पेटी घ्यायची की नाही यावर बाजारात बराच वेळ जातो. डिसेंबरातली ती पहिल्या बहराची, लहान, आंबट, पण भौगोलिक मानांकन मिळालेली. बहुतेक पोरं शेवटी गाजरं घेतात. महाबळेश्वरची गाजरं, पाल्यासकट, थोड्या रुपयांत भरपूर. गाडीत गाजरांचा वास भरून राहतो आणि पाला बाकांखाली जातो. या सगळ्या काळात गाडी वाहनतळावर चकचकीत गाड्यांच्या मधे उभी असते, अंग चोरून. अरुंद वळणावर तिला मागं घ्यायची झाली की चार दुकानदार उठून “येऊ दे, येऊ दे, बास” करतात. एवढा मान कुठल्या लक्झरीला मिळत नाही.

प्रतापगडाला मात्र ती गंभीर असते. महाबळेश्वरहून पोलादपूरच्या रस्त्याला लागलं की आंबेनळी घाट सुरू होतो, वाडा कुंभरोशीपाशी गडाचा फाटा. वर भवानीचं देऊळ, अश्वारूढ पुतळा. ३० नोव्हेंबर १९५७ ला पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचं अनावरण झालं. खाली अफझलखानाची कबर. १० नोव्हेंबर १६५९ ची भेट सर रंगवून सांगतात, आणि ज्या पोराला इतिहासात सदतिसाच्या वर कधी गुण पडले नाहीत तो त्यांना मधे थांबवून सय्यद बंडा आणि जिवा महाला सांगतो.

उतरताना काका बोलत नाहीत. गाणी म्हणायला मनाई करत नाहीत, पण त्यांच्या मानेकडं बघून ती आपोआप थांबतात. याच आंबेनळीत २८ जुलै २०१८ ला महाबळेश्वरच्या सहलीला निघालेली एक बस दरीत गेली आणि तीस माणसं गेली. एक वाचला. पावसाचे दिवस होते. आमची गाडी थंडीतली, रस्ता कोरडा. तरीही त्या घाटात ती गिअरमध्येच उतरते, ब्रेकवर नाही. मागून येणारे हॉर्न वाजवतात. काका आरशात बघतात आणि वेग आणखी कमी करतात. घाटात चढायचं त्याच गिअरात उतरायचं, हे त्यांना कुणी शाळेत शिकवलं नव्हतं, आणि त्या गाडीतल्या साठेक आयांना ते कधी कळणारही नव्हतं.

आता सहली बदलल्या. पुष्कळ शाळा खासगी आरामगाड्या घेतात. पडदे, गार हवा, पुढं पडदा लावून सिनेमा. घाट कधी लागला आणि कधी संपला हे नायकाला कळतं, पोरांना नाही. तापोळ्याला शिवसागराच्या काठावर तंबू मिळतात. कोयनेच्या धरणानं जिथं खोरं भरलं तिथं पाण्याकडं तोंड करून रांगेत उभे केलेले, आत गाद्या, संध्याकाळी शेकोटी आणि ध्वनिवर्धक. तंबू ठोकलेला असतो, जेवण वाढलेलं असतं. मी तिथं एकदा राहिलो आहे. गैरसोय काहीच झाली नाही, म्हणून शेजारच्या तंबूत कोण होतं तेही कळलं नाही.

पण सगळं गेलं असं म्हणायला मी तयार नाही. डिसेंबर-जानेवारीत वाईच्या स्थानकात जाऊन उभं राहावं. पसरणीच्या पायथ्याशी अजून या लाल गाड्या एकामागोमाग एक येतात; मिरज, विटा, शिराळा, पलीकडची बार्शी, सोलापूर. फलक बांधलेले, खिडक्यांतनं हात बाहेर, हात आत घ्या म्हणणारे शिक्षक. एका गाडीतली पोरं दुसऱ्या गाडीतल्या पोरांना विनाकारण चिडवतात. दोन्ही ड्रायव्हर खिडकीतनंच तंबाखू मळून एकमेकांना देतात आणि विचारतात, वर गारठा किती.

पातेल्याचं सांगायचं राहिलं. परतीच्या दिवशी पाचगणीला टेबललँडवर पोरं उतरली, जांभ्याच्या त्या सपाटीवर हुंदडली, घोड्यांमागं पळाली, आणि गाडीत बसताना मावशींनी मागच्या बाकाकडं बघून कपाळाला हात लावला. पातेलं क्षेत्र महाबळेश्वरच्या धर्मशाळेत, नळापाशी, पालथं. घासून वाळत घातलेलं. सरांनी घड्याळ बघितलं. फोन करून कोणाला तरी ठेवून घ्यायला सांगू, पुढं कधी कोणी आलं की आणेल, असा विचार झाला. बाईंनी तो मान्य केला. काकांनी केला नाही.

“देवळाचं भांडं हाय सर. हनुमान जयंतीला काय करायचं? पुजाऱ्याला तोंड कोण दाखवणार, तुमी का मी?”

“अहो पण किलोमीटर वाढतील.”

“वाडू द्यात की. गाडी वाडीव चालंल, भाडं शाळा भरंल. पातेलं काय चालत येत न्हाई.”

गाडी फिरली. पाचगणीच्या बाजारातल्या त्या अरुंद रस्त्यावर फिरवायला तिला तीनदा मागंपुढं व्हावं लागलं, आणि ती फिरल्याबरोबर आत असा जल्लोष झाला की जणू दुसरी सहल मंजूर झाली. खरं तर झालीच होती. तोच रस्ता, तोच वेण्णा तलाव, नाक्यावर तोच माणूस. त्यानं प्रवासी कराची कालची पावती बघितली आणि काही न बोलता हात केला. पातेलं होतं तिथंच होतं. आमदारानं आणि त्या शांत मुलानं ते उचललं. तिसरा माणूस लागला नाही. बाकावर ठेवून त्याच्यात गाजरं ओतली, म्हणजे ते वाजायचं थांबलं. शाळेच्या फाटकाशी गाडी पोचली तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि फाटकाबाहेर बाप लोक बॅटऱ्या घेऊन उभे होते, काही काळजीत, काही रागात.

चार दिवसांनी अनामत परत घ्यायला सर आगारात गेले. लिपिकानं कागद चाळला, काकांच्या बारीक अक्षरावर बोट ठेवलं आणि म्हणाला, ठरल्यापेक्षा चाळीसेक किलोमीटर जादा आहेत, महाबळेश्वर-पाचगणी दोनदा दिसतंय, कारण काय लिहू? सरांनी पैसे भरले, पावती घेतली. मुख्याध्यापकांना ती दाखवायची होती, खर्च कुठल्यातरी सदरात बसवायचा होता, आणि पातेल्यासाठी शाळेच्या हिशोबात सदर नव्हतं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पावतीच्या मागं लिहिलं: क्षेत्रभेट, दुसऱ्यांदा.